कोपाकबानाला गेलात तर मुक्काम करा

पुण्यात कोणालाही सांगितलं की आम्ही कोपाकबानाला जाऊन आलो, की समोरच्याच्या डोळ्यांसमोर लगेच रिओचा बीच येतो. ते नव्हे. हे कोपाकबाना बोलिव्हियात आहे, टिटिकाका सरोवराच्या काठी, अँडीज पर्वतात साधारण ३,८४० मीटर उंचीवर, आणि रिओच्या त्या किनाऱ्याला नाव मिळालं तेच मुळात या गावावरून. इथल्या देवीची प्रतिकृती तिकडे गेली, तिच्यासाठी चॅपल बांधलं गेलं आणि मग त्या चॅपलच्या नावाने सगळा किनारा ओळखला जायला लागला. म्हणजे मूळ पीठ हे, तळ्याकाठचं, ते दुसरं नंतरचं.

हे आधी सांगायचं कारण असं की इथे येणारे बहुतेक परदेशी पर्यटक या गावाकडे बस बदलायची जागा म्हणूनच बघतात. ला पाझहून दुपारी यायचं, काठावर ट्राउट मासा खायचा, सकाळी बोटीने इस्ला देल सोल म्हणजे सूर्याच्या बेटावर जायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या बसने पेरूत पुनोला पळायचं. माझं सरळ म्हणणं आहे की असं करू नका. हे गाव म्हणजे क्षेत्र आहे, आपण ज्या अर्थाने क्षेत्र म्हणतो त्याच अर्थाने, आणि क्षेत्राच्या ठिकाणी दोन वेळच्या बसच्या मध्ये काही हाती लागत नाही. तिथे मुक्काम करावा लागतो, पहाटे देवळात जाऊन बसावं लागतं, बाजारातून दोन-चारदा उगाच फिरावं लागतं, मग कुठे ते गाव आपल्याशी बोलायला लागतं.

मी आणि माझी मावशी, आम्ही दोघीच गेलो होतो. पुण्यातले गणपती आटोपले आणि निघालो, कारण तिकडे मे ते ऑक्टोबर कोरडा सीझन असतो आणि सप्टेंबरच्या शेवटी थंडी थोडी उतरलेली असते. जून-जुलैमध्ये तिकडे रात्री पाणी गोठतं. मावशी साठीच्या पुढची, त्यामुळे घरात सगळ्यांनी आधी उंचीचाच मुद्दा काढला आणि तो बरोबरच होता. ३,८४० मीटर म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी, आणि आपण पुण्याहून जातो ते जेमतेम साडेपाचशे-सहाशे मीटरवरून. डॉक्टरांकडे जाऊन मावशीच्या सगळ्या तपासण्या केल्या, गोळ्या लिहून घेतल्या, आणि मुख्य म्हणजे प्रवासच असा आखला की उंची पायरी-पायरीने चढेल. आधी सांता क्रूझ, ते सपाटीवर आहे, मग सुक्रे जे साधारण २,८०० मीटरवर, तिथे निवांत राहायचं, मग ला पाझ ३,६०० च्या आसपास, आणि मग कोपाकबाना. थेट विमानाने एल आल्तोला, म्हणजे ला पाझच्या विमानतळावर, उतरलात तर चार हजारांच्या वरच उतरता आणि पहिले दोन दिवस डोकं धरून बसायची पाळी येते, हे तिकडचे लोकही सांगतात. उंचीच्या या त्रासाला तिकडे सोरोचे म्हणतात आणि त्यावर घरोघरी कोकाच्या पानांचा चहा देतात. बोलिव्हियात कोकाची पानं कायदेशीर आहेत, बाजारात पोत्यांनी मिळतात, पण परत येताना एक पानही बॅगेत ठेवू नका, आपल्याकडे तो गुन्हा आहे. आणखी एक, तिथे पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. मावशीने पुण्याहून चहा पावडर नेली होती, पण पाणी कितीही उकळलं तरी तिला हवा तसा कडक चहा काही उतरेना, आणि डाळ शिजवायची तर कुकरला पर्याय नाही.

ला पाझहून कोपाकबाना दीडशे किलोमीटरच्या आसपास, बसने साडेतीन-चार तास. मध्ये तिकिनाची सामुद्रधुनी लागते आणि तिथे बस थांबते, सगळ्यांनी खाली उतरायचं, आपण छोट्या मोटरबोटीतून पलीकडे जायचं आणि आपली भलीमोठी बस एका लाकडी तराफ्यावर चढून डुगडुगत मागून येते. कोपाकबानाचा भाग जमिनीने जोडलेला आहे तो पेरूला, बाकीच्या बोलिव्हियातून यायचं तर पाणी ओलांडूनच यावं लागतं. तिकिनाला बोलिव्हियाच्या नौदलाचा तळ आहे. देशाला समुद्र नाही, १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चिलीने किनारा घेतला, तरी नौदल आहे आणि दरवर्षी २३ मार्चला समुद्र दिवस पाळतात. इतक्या वर्षांनी गेलेल्या किनाऱ्याची आठवण अशी जपणारे लोक बघून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

गाव छोटंसं. एक मुख्य रस्ता जो सरळ पाण्यापर्यंत उतरतो, दोन्ही बाजूंना हॉस्टेल आणि ट्रॅव्हल एजंट, काठावर हंसाच्या आकाराच्या पॅडल बोटी, आणि वरच्या अंगाला चौकात ते पांढरंशुभ्र चर्च, घुमटांवर रंगीत टाइल्स. तळं एवढं मोठं आहे, ८,३०० चौरस किलोमीटरच्या आसपास, की समोरचा काठ दिसतच नाही, आणि उन्हाला तिथे काही वेगळीच धार आहे, सावलीत स्वेटर आणि उन्हात कातडी भाजते, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन विसरायचं नाही.

आता देवी. व्हर्जिन ऑफ कोपाकबाना, म्हणजे माता मेरी, मूर्ती सावळी, चेहरा इथल्या बायकांसारखा. ती घडवली फ्रान्सिस्को तितो युपांकी नावाच्या माणसाने, इंका राजघराण्यातल्या वंशजाने, आणि ही गोष्ट मला चर्चच्या सोन्यापेक्षा मोठी वाटते. त्याने पहिल्यांदा मातीची मूर्ती केली, ती काही काळ वेदीवर राहिली आणि मग नव्या पाद्र्याने ती काढून टाकायला लावली. मग हा माणूस पोतोसीला गेला, तिथे मूर्तीकाम शिकला, परत परत करून बघितलं, लोक हसले, मूर्ती करायची परवानगी मागायला बिशपकडे गेला तर तिथेही हसून परत पाठवलं. इथल्या माणसाने देवाची मूर्ती करायची हेच त्यांना पटत नव्हतं. शेवटी घायपाताच्या लाकडातून घडवलेली त्याची मूर्ती २ फेब्रुवारी १५८३ रोजी गावात आली, आणि आज चार शतकं उलटून गेली तरी लोक तिच्याचकडे येतात. ज्यांनी त्याला हसून घालवलं त्यांची नावं तिथे कोणाला विचारून बघा, आठवणार नाहीत. मूळ मूर्ती देवळाबाहेर काढत नाहीत, ती हलवली तर तळं खवळेल अशी श्रद्धा आहे, मिरवणुकीला तिची प्रतिकृती नेतात. २ फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मोठी जत्रा भरते, ६ ऑगस्ट हा बोलिव्हियाचा स्वातंत्र्यदिनही आहे, १८२५ चा, त्यामुळे त्या दिवसांत राहायला जागा मिळणं मुश्कील.

मावशी पहिल्याच सकाळी पदर डोक्यावर घेऊन जी आत बसली ती तासभर उठलीच नाही. शेजारी आयमारा या इथल्या मूळ समाजातली एक आजी, गोल काळी हॅट मांडीवर ठेवून, पाठीला रंगीत कापडात बांधलेलं बोचकं, दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, तरी निघताना आजीने मावशीच्या हातावर थोपटलं आणि मावशीने तिला नमस्कार केला.

मुख्य चर्चच्या बाजूला मेणबत्त्यांसाठी वेगळी अंधारी खोली आहे, ती चुकवू नका. लोक मेणबत्ती लावतातच, पण वितळलेलं मेण बोटाने उचलून भिंतीवर आपलं मागणं काढतात. काळवंडलेल्या भिंतीवर पांढऱ्या मेणाची घरं, ट्रक, नावं, बदाम. माझ्या समोर एका शाळकरी मुलीने अगदी सावकाश, चटका बसत असताना फुंकर मारत मारत, दुमजली घर काढलं. खिडक्या चार. मग थांबून विचार केला आणि दाराला कडी काढली. तिची आई मागे उभी राहून मेण पुरवत होती, घाई करत नव्हती.

आणि मग गाड्या. चर्चच्या समोरच्या चौकात सकाळी गाड्यांची रांग लागते, नव्या कोऱ्या कार, मिनीबस, टॅक्सी, ट्रक, बोलिव्हियातून आणि सीमेपलीकडून पेरूतूनही आलेल्या. फुलं विकणाऱ्या बायका तिथेच बसलेल्या असतात, ग्लॅडिओलसचे हार बॉनेटवर आडवे लावायचे, रंगीत कागदी झिरमिळ्या आरशांना, दारांना. पाद्री बादली आणि फुलांचा झुबका घेऊन येतो, बॉनेट उघडून इंजिनवर तीर्थ शिंपडतो, स्टिअरिंगवर, सीटवर, टायरवर, मग मालकाच्या डोक्यावर, पोराबाळांच्या डोक्यावर. ते झालं की घरच्यांची पाळी, बिअरची बाटली हलवून फेस गाडीच्या चारी बाजूंनी उडवायचा, पहिला घोट जमिनीवर ओतायचा कारण तो पाचामामाचा म्हणजे धरतीमातेचा, कागदाचे बारीक तुकडे सगळ्यांच्या केसांत, आणि शेवटी फटाक्यांची माळ. मावशी माझा दंड धरून म्हणाली, "अगं, ही तर आपली खंडेनवमी!" आणि खरंच, मार्केटयार्डातून आणलेला झेंडू, रिक्षा स्टँडवरची पूजा, टायरखाली ठेवलेलं लिंबू, नव्या बाइकला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, हे सगळं ज्याने पाहिलंय त्याला त्या चौकात काहीच परकं वाटत नाही. ज्या यंत्रावर आपलं पोट आहे आणि ज्याच्यात आपण पोरांना बसवतो ते देवासमोर उभं करायचं, एवढी साधी आणि एवढी खरी गोष्ट आहे ती.

मी स्पॅनिश पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला शिकले, त्याचा तिथे पुरेपूर उपयोग झाला. एका मिनीबसवाल्याशी बोलले, हुलियाकाहून आला होता, सीमा ओलांडून, बायको, दोन मुलं आणि सासूबाई गाडीत. कर्ज काढून घेतलेली गाडी, हप्ते अजून सुरू व्हायचे होते. म्हणाला, आधी इथे यायचं, मगच पहिला पॅसेंजर बसवायचा. सासूबाईंनी मावशीच्या डोक्यावर पण कागदाचे तुकडे टाकले आणि हातात ग्लास दिला, मावशीने तो अगदी मान देऊन घेतला, कपाळाला लावला, आणि पिण्याऐवजी सगळाच्या सगळा जमिनीवर पाचामामाला ओतला, तेव्हा त्या बाईंना जो आनंद झाला तो काय सांगू.

गावाच्या उत्तरेला सेरो काल्वारिओ टेकडी आहे, वर जायला दगडी पायऱ्या, वाटेत ख्रिस्ताच्या शेवटच्या प्रवासाचे चौदा टप्पे. चढ छोटा आहे पण या उंचीवर दर वीस पायऱ्यांना थांबावं लागतं, थांबा, काही बिघडत नाही. वर छोट्या छोट्या वस्तू विकणाऱ्या बायका बसतात. हाताच्या पंजावर मावेल एवढं घर, ट्रक, दुकान, सूटकेस, पासपोर्ट, डिग्रीचं सर्टिफिकेट, नोटांच्या गड्ड्या. वर्षभरात जे हवं त्याची छोटी प्रत घ्यायची, तिथल्या जाणत्याकडून धूप, फुलं, थोडी दारू शिंपडून तिची पूजा करून घ्यायची. याला अलासिता म्हणतात, ला पाझमध्ये २४ जानेवारीला त्याचा मोठा उत्सव असतो आणि २०१७ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. आमच्या बाजूला एक कॉलेजातला मुलगा सिव्हिल इंजिनिअरची डिग्री घेत होता, विकणारीने त्याचं नाव विचारून ते पेनने नीट वळणदार अक्षरात त्यावर लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकलं आणि मगच दिलं.

हे सगळं चर्चच्या सावलीत चालतं आणि चर्चच्या फार आधीपासून चालतं. सरोवरातल्या खोआ नावाच्या खडकाळ जागेजवळ पाणबुड्या संशोधकांना इंकांच्याही आधीच्या तिवानाकू संस्कृतीच्या काळातले नैवेद्य सापडले, सोन्याचे दागिने, प्यूमाच्या आकाराची धुपाटणी, साधारण आठव्या ते दहाव्या शतकातले, २०१९ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नंतर इंका काळातली एक दगडी पेटी पण पाण्यात मिळाली, आत छोटासा लामा, शिंपल्यातून कोरलेला, आणि सोन्याची गुंडाळी. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही लोक छोट्या मौल्यवान वस्तू या तळ्याला देत होते. मेणाचं घर काढणारी ती मुलगी, डिग्री घेणारा तो मुलगा, मिनीबसवाला, हे सगळे त्याच रांगेत उभे आहेत असं मला तिथे राहून राहून वाटत होतं, आणि एका दुपारच्या मुक्कामात हे दिसणं शक्य नाही म्हणून तर हा सगळा आटापिटा.

सूर्याच्या बेटावर जा, जरूर जा. बोटीला दीडेक तास लागतो. सूर्य तिथेच जन्मला आणि पहिला इंका मान्को कापाक आणि मामा ओक्यो तिथूनच निघाले असं इंका मानत. बेटावर मोटार नाही, सामान गाढवांवर, युमानीला उतरलं की इंकांच्या जुन्या पायऱ्या लागतात आणि पूर्वेकडे इयाम्पू आणि आन्कोउमा ही सहा हजार मीटरवरची बर्फाची शिखरं दिसतात. पण बेट बघून परत गावात या.

खाण्याचं. मावशी शाकाहारी, तिची आबाळ झाली नाही. किनोआचं सूप (किनोआ आपल्या राजगिऱ्याच्याच कुळातला), उकडलेला मका आणि चीज, ओल्या बियांचं वाल-घेवड्याच्या जातीचं काहीतरी, आणि बटाटे, बटाटे, बटाटे. बटाट्याची शेती पहिल्यांदा झाली तीच या सरोवराच्या आसपासच्या भागात, हजारो वर्षांपूर्वी, आणि बाजारात ते जांभळे, गुलाबी, काळे, वेडेवाकडे असे मांडलेले असतात. च्युन्यो म्हणून एक प्रकार मिळतो, हिवाळ्यात रात्री बटाटे उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा उन्हात ठेवायचे, पायाने तुडवून त्यातलं पाणी काढायचं आणि वाळवायचे, मग ते दगडासारखे दिसणारे पण हलके खडे वर्षानुवर्षं टिकतात. चव सगळ्यांना आवडेल असं नाही, मला मातकट वाटली, मावशीला सूपमध्ये आवडली. आपल्या उपासाच्या साबुदाणा खिचडीतला बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्याचा करतात तो कसावा, तिन्ही या खंडातले, हे मावशीला सांगितल्यावर ती त्या बाजारात दुप्पट आस्थेने फिरायला लागली. आणि पासांकाया. मक्याच्या मोठ्ठ्या गोडसर लाह्या, कोपाकबानाची खासियत, देवळासमोर भल्यामोठ्या पिशव्यांमधून विकतात आणि यात्रेकरू घरी जाताना प्रसाद म्हणून नेतात. आम्हीपण आणल्या, सोसायटीत वाटल्या.

माशांबद्दल मात्र मला बोलायचंय. काठावरच्या सगळ्या टपऱ्यांवर ट्राउट मिळतो, पण तो इथला नाही, विसाव्या शतकात बाहेरून आणून सोडला. तो आणि असाच बाहेरून आलेला पेहेर्रे यांच्यामुळे इथल्या मूळ माशांवर संक्रांत आली, ओरेस्तियास या गटातली एक जात तर कायमची गेली. तेव्हा मासे खाणार असाल तर इस्पी मागा, बोटभर लांबीचे स्थानिक मासे, कुरकुरीत तळलेले, काट्यासकट खायचे, स्वस्त आणि फार चविष्ट. तळ्याचं दुखणं एवढ्यावर थांबत नाही. एल आल्तोचं सांडपाणी एका खाडीत येऊन मिळतं, २०२३ च्या दुष्काळात पाणी इतकं खाली गेलं की बोटींचे धक्के कोरड्यावर आले, आणि सैल कातडीतून श्वास घेणारा इथला मोठा बेडूक, जो जगात दुसरीकडे नाही, तो धोक्यात आहे. मुळा-मुठेच्या काठी राहून मी कोणाला शिकवावं असं नाही, पण ज्या तळ्याला लोक हजार वर्षं सोनं देत आले त्याला गटार देणं बघून जीव तुटतो.

शेवटचं व्यवहाराचं. रोख बोलिव्हियानो जवळ ठेवा, ला पाझमधूनच काढून न्या, छोट्या हॉटेलांत आणि बाजारात कार्ड चालत नाही. खोली घेताना हीटर आहे का ते स्वतः चालू करून बघा, रात्री थंडी हाडात जाते. गाड्यांच्या पूजेसाठी शनिवार-रविवार गाठा, तेव्हा गर्दी जास्त, रंगत जास्त. फोटो काढायच्या आधी विचारा, विचारल्यावर बहुतेक लोक स्वतःच गाडीशेजारी उभं करतात. पुढे पेरूत जाणार असाल तर कासानीची सीमा आठेक किलोमीटरवर आहे, पलीकडे घड्याळ एक तास मागे, पण ते तिकीट आल्या आल्या काढू नका, चौकात एक-दोन सकाळी घालवल्यावर मग काढा.